पानावरचं मौन

“खुंटीवर. कोटाखाली,” अंबिका म्हणाली, आणि शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं की आपण जेवायला बसलो होतो. पहिला घास अजून बोटांतच होता. माजघरातून माझी टोपी कुठाय अशी हाक आली होती, आणि डोळ्यांत काही गेलं की पापणी मिटावी तसं उत्तर गेलं होतं, तिला न विचारता. तिने घास परत पानात ठेवला. आमटी भाताच्या कडेने हळूहळू पसरत होती, ती थोडा वेळ पाहिली. मग तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतला आणि उठली. चातुर्मासाचा नेमच तसा होता : एक वेळ जेवायचं आणि जेवताना मुकं राहायचं. शब्द निघाला तर पान तिथंच सोडायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही. हा नेम तिच्या आईचा. नेवाशाहून सासरी येताना भांडीकुंडी आली तसाच तोही आला होता, आणि इतकी वर्षं सांभाळला होता. एखाददुसरा दिवस मोडायचा, त्याचं काही वाटायचं नाही. या वर्षी मात्र मोडत होता तो आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. माणसं वाढली नव्हती, घर तेच होतं. मग काय वाढलं होतं?

टोपी घालून माधवराव स्वयंपाकघराच्या दारात आले. तिला उभी पाहून त्यांच्या ध्यानात आलं, नाही असं नाही. जीभ चावल्यासारखं केलं त्यांनी. “बोललीस कशाला पण? नुसता हात करायचास,” म्हणाले. हात करायचा म्हणजे भिंतीतून करायचा की काय, हे तिच्या मनात आलं, ओठांवर आलं नाही. तिच्या ओठांवर सहसा काही येतच नसे. आळीत तिची ख्याती होती, माधवरावांच्या बायकोचा आवाज शेजारच्या भिंतीला ठाऊक नाही म्हणून. “बरं, बस आता, जेवून घे. देव काही आमच्यासारखा कारकून नाही,” असं म्हणून ते स्वतःच हसले आणि कचेरीला गेले. वहाणा वाजत गेल्या. पान घेऊन ती मागच्या दाराने निघाली तेव्हा मोरीशी भांडी घासत बसलेल्या मनकर्णेने मान वर केली. “आजबी उठलात व्हय पानावरनं,” ती म्हणाली आणि पुन्हा राख हातात घेतली. बोळातल्या गाईने भात खाल्ला, आमटी खाल्ली, आणि मग पानही खाल्लं. अंबिका तिच्या जबड्याकडे बघत उभी राहिली. शांतपणे, डोळे अर्धे मिटून, गाय खात होती. कुणी तिला काही विचारत नव्हतं.

भुकेचं तिला काही वाटत नसे. उपास लहानपणापासूनचे. पण आज कानशिलं तापली होती आणि हाताच्या बोटांना मुंग्या आल्यासारखं होत होतं, आणि हे भुकेने नाही हे तिला चांगलं कळत होतं. टोपी रोज त्याच खुंटीवर असते. कोट रोज तिच्यावर अडकवला जातो, अडकवणारे तेच. म्हणजे टोपी कुठे आहे हे त्यांच्या हाताला माहीत होतं. फक्त डोक्यात ठेवायची तसदी त्यांनी घेतली नव्हती, कारण त्यासाठी दुसरं डोकं घरात होतं. सुचित्राचं तेच. नणंद म्हणून वाईट नाही मुलगी, कामाला वाघ आहे, पण वहिनी दळण कुठलं, वहिनी चिंच भिजत घालू का, वहिनी आज बुधवार ना. सांगितलेलं सगळं करील. काय करायचं ते मात्र रोज नव्याने वहिनीकडून घेईल. नीलाची पाटी, धाकट्याचा खोकला, त्याला अडुळसा चालतो पण मध बाधतो. रेशनच्या दुकानात साखर आली की नाही, आली असेल तर आजच गेलं पाहिजे, उद्या मिळायची नाही. रॉकेल अर्धी बाटली, ते परीक्षेच्या दिवसांपर्यंत पुरवायचं, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक उजेडी. नवमीला सासूबाईंचं श्राद्ध झालं, पण त्या दिवशी भटजींना द्यायचं राहिलेलं धोतर अजून कपाटातच. ज्वारीला टोके लागलेत. यातलं एकही काम मोठं नव्हतं. कुणी येऊन विचारलं असतं की बाई, तुम्हाला कशाचा त्रास, तर तिला एकही नाव घेता आलं नसतं. हात कामं करत, त्याचं काही नाही, हात त्यासाठीच आहेत. पण हात थांबले तरी ते थांबत नसे. पहाटे ओलेत्याने आडाचं पाणी काढून झालं की ती देवापुढे जपाला बसे, आणि केशवाय नमः म्हणताना रॉकेल, नारायणाय नमः म्हणताना भिजवलेले वाल, माधवाय नमः म्हणताना न्हाव्याला आज बोलावायचंय. मणी पुढे सरकत आणि एकेका मण्याला घरातली एकेक वस्तू चिकटून येई. पूर्वी तिला याची लाज वाटे. मग तिने देवाला सांगून टाकलं होतं की एवढं तू समजून घे. देव समजून घेत असावा. निदान तो काही विचारत तरी नव्हता. सगळ्या घरात तिला काही न विचारणारा तो एकच.

म्हणूनच तर ते मौन हवं होतं. पुण्यासाठी हवं होतं, खोटं कशाला बोला, पण त्याहून जास्त त्या वेळेसाठी. भात कालवायचा, घास घ्यायचा, चावायचा, त्या वेळी डोक्यातली सगळी दारं आतून लावून घ्यायची. पहिल्या वर्षी ते जमलं होतं. नंतर तिच्या एक ध्यानात आलं, आणि ते ध्यानात आल्यापासून तिची चीड सुरू झाली होती, हे तिला आज, गाईपुढे उभी असताना, स्पष्ट कळलं. तिला विचारायचं ते लोक राखून ठेवत. दिवसभर ती आडावर, चुलीशी, माळ्यावर, दुकानाच्या रांगेत. एका जागी बसलेली सापडे ती फक्त पानावर. सगळ्यांची जेवणं झालेली, पोट भरलेलं, तेव्हाच त्यांना आठवे. मुद्दाम कुणी करत नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं.

नेवाशाला असं नव्हतं. ओसरीत आईचं पान वाढलेलं असे, समोर प्रवरेकडे उघडणारी खिडकी, आणि आई जेवायला बसली की वडील दारात पाय पसरून बसत, एखादी पोथी मांडीवर घेऊन. एकदा मळ्यातला कारभारी धावत आला होता, बांधाला पाणी फुटलं म्हणून. वडिलांनी मान वर न करता सांगितलं, थांब, बाई जेवतायत. कारभारी अंगणात उभा राहिला, पायाचा चिखल वाळेपर्यंत उभा राहिला, आणि आई हळूहळू, जराही घाई न करता, दही भात कालवत होती. अंबिकेने हे चित्र किती वर्षं मनात जपलं होतं. माधवरावांवर रागावली की ती वडिलांना आठवायची. आज ते आठवलं आणि त्याच्यापुढचंही आठवलं, जे आजवर तिने कधी पाहिलंच नव्हतं : आईने हात धुतला, आणि वडिलांनी पोथी मिटून म्हटलं, आता सांग तिला. बांध मळ्याचा, मळा वडिलांचा, माणूस वडिलांचा. कुठला गडी पाठवायचा, पोती कुठली घालायची, ते आईने सांगितलं, पदराला हात पुसत. म्हणजे तिथेही विचारणं तिलाच होतं. फक्त रांग दाराबाहेर लावलेली होती. अंबिकेला आईचा राग आला. मग वडिलांचा आला. मग या दोघांचा राग करते म्हणून स्वतःचा आला, आणि ती घरात येऊन ज्वारी निवडायला बसली.

संध्याकाळी ओटीवर माधवरावांच्या कचेरीतले एक स्नेही आले होते. किल्ल्याकडे जाणाऱ्या लष्कराच्या लॉऱ्या रस्त्याने घरघरत होत्या, त्यामुळे बोलणं मध्येच बुडे, मध्येच वर येई. आमच्याकडे आज एका टोपीपायी एक माणूस उपाशी आहे, असं माधवराव म्हणाले, आणि ती हकिगत हात करून दाखवण्यासकट सांगितली. स्नेही हसले. बायकोच्या व्रताचं अर्धं पुण्य नवऱ्याला लागतं म्हणतात, तुमची चैन आहे, म्हणाले. “हो, तेवढं एक आम्हाला आयतं येतं,” माधवराव म्हणाले. आतून चहा नेऊन ठेवताना अंबिकेच्या हातातली बशी वाजली नाही. तिचा हात कधीच वाजत नसे. परत येऊन तिने गूळ मोजून डब्यात भरला आणि उद्याचा विचार करायला घेतला, कारण उद्या पारनेरचे पाहुणे येणार होते, आणि तो विचार तिच्याशिवाय कुणी करणार नव्हतं.

पाहुणे म्हणजे सुचित्रासाठी आलेलं स्थळ. मुलाचे वडील नव्हते, चुलते होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. घर बरं, मुलगा शाळेत मास्तर, हुंड्याचं काही अडून नव्हतं. अडलं तर एकाच ठिकाणी अडलं असतं : तात्या सोवळ्याचे कडक. नळाचं पाणी ते पीत नसत, नळात चामड्याची चकती असते म्हणून; प्रवासात फिरकीच्या झाकणाचा तांब्या जवळ, आणि तो भरायचा तो सोवळ्यात काढलेल्या आडाच्या पाण्यानेच. सुचित्राला दोन स्थळांनी नाकारून झालं होतं. पोरगी तोंडाने काही बोलत नसे, पण परवा वेणी घालताना तिने विचारलं होतं की वहिनी, याही वेळी नाही म्हणाले तर मी तुझ्याजवळच राहू ना. त्या विचारण्यात हसू होतं आणि हसण्याच्या खाली काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेपासून उभी होती. पोटात आदल्या दिवसापासून पाणी आणि तुळशीचं पान. ओलेत्याने आडाचं पाणी काढलं, हंडा भरला, घागर भरली. आडाचं पाणी मचूळ, पण सोवळ्याचं तेच. हात धुवायला, पाय धुवायला जास्तीचं पाणी लागणार म्हणून मनकर्णेकडून रस्त्याच्या नळाचं भरून घेतलं. पितळी भांडी पुरेनात तेव्हा तांब्याचा दुसरा हंडा काढून दिला, चिंचेने घासून लख्ख केलेला, आणि तो तिने स्वतः पडवीत घडवंचीवर ठेवायला सांगितला. पाहुणे आले. सुचित्राने नमस्कार केला, मान खाली घालून विचारलेलं सांगितलं. तात्यांनी फार विचारलं नाही. सोवळंओवळं पाहतेस ना, एवढंच. माधवराव म्हणाले, वहिनीच्या हाताखाली तयार झाली आहे. पुरुषांची पानं झाली. पुरण, कटाची आमटी, तांदूळ कुठून कुठून जमवलेला, तरी भाताला कुणी कमी म्हणालं नाही. स्वयंपाकात सोवळ्याचा हंडा रिकामा झाला होता. उरलेलं सोवळ्याचं पाणी घागरीत, ती घागर अंबिकेने चुलीशेजारी, आपल्या पाटाजवळ ओढून घेतली. सुचित्राला, मुलांना वाढलं. मग सगळ्यांच्या मागून ती पाटावर बसली. भात गार झाला होता. तिला घेरी येत होती आणि भाताचा वास इतका गोड लागत होता की डोळ्यांत पाणी आलं. तिने देवाचं नाव घेतलं आणि पहिला घास घेतला. दुसरा घेतला. कुणी हाक मारली नाही. तिसऱ्या घासाला तिला वाटलं, आज होतंय.

“अगं,” पडवीतून माधवराव म्हणाले, “तात्यांचा तांब्या भरायचाय. सोवळ्याचं पाणी हेच ना?”

तिच्या पाठीमागे, दोन हातांवर दार होतं. ते अजून सोवळ्याचा कदच नेसलेले होते, आत यायला हरकत नव्हती, वाकून पाहायला हरकत नव्हती. घागर तिच्या उजव्या हाताशी होती. पडवीतल्या हंड्यावर त्यांनी हात ठेवल्याचा आवाज तिला ऐकू आला, झाकण सरकल्याचा. तोंडात घास होता. तो गिळून नव्हे म्हणायला काही लागलं नसतं. डावा हात उचलला असता तरी चाललं असतं, दार उघडं होतं, दिसला असता. हात उचललाही होता तिने, गुडघ्यापासून वर. काल हेच म्हणाले होते ना, नुसता हात करायचास. आणि त्या आठवणीबरोबर काहीतरी तिच्या आत असं आवळलं गेलं की हात परत गुडघ्यावर आला. आज नाही. टोपीसाठी उठले, पाटीसाठी उठले, चिंचेसाठी उठले. आज मी जेवणार. हे शब्दांत आलं नाही, दातांत आलं. तिने घास चावला.

“हेच म्हणायचं,” माधवराव स्वतःशी म्हणाले. तांब्या बुडाल्याचा आवाज झाला. मग थोड्या वेळाने ओटीवरून तात्यांचा, खणखणीत : “वा. पाणी गोड आहे हो तुमच्या आडाचं. सोवळ्यातल्या पाण्याची चवच निराळी.” आणि माधवरावांचं समाधानाचं हसणं.

अंबिका जेवत होती. घास कडू झाला असता तर बरं झालं असतं, पण तो कडू झाला नाही. आमटी छान जमली होती. तिला सगळं कळत होतं. तात्याही तिच्यासारखेच. त्यांनीही कधीतरी देवापुढे पाणी सोडून काही धरलं असेल, आणि सांभाळलं असेल मोटारींतून, लोकांच्या घरांतून, हसणाऱ्यांच्या समोरून. नेम मोडला की आत काय होतं हे या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि त्यांचा तिने मोडला होता, न बोलता, जेवता जेवता. त्यांना कळलंही नव्हतं. तिचा मोडत असे तेव्हा मोडणाऱ्याला कळत नसे. इथे उलट होतं, एवढाच फरक. इतक्या दिवसांत विचारल्या गेलेल्या सगळ्या प्रश्नांत उत्तर द्यावं असा हा एकच प्रश्न होता, आणि तो आला होता सगळ्यांच्या शेवटी, उत्तरं संपल्यावर. त्याचाच तिला राग आला. आजचं मौन देवाकडे पोचणार नाही हे तिला माहीत होतं. तरी ती बोलली नाही. ताकभात वाढून घेतला.

मागच्या दाराशी सावली पडली. मनकर्णा उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती, ओले हात लुगड्याला धरून. “वैनीबाई, त्यो हंडा म्या भरल्येला हाय. नळाचा. मालकांनी त्यातलंच दिलं पाव्हन्यास्नी, म्या बघितलं,” ती अगदी खाली आवाजात म्हणाली. “आता माज्यावर येतंय बगा. माजं काम जाईल.” अंबिकेने तिच्याकडे पाहिलं. मनकर्णेच्या कपाळावर घाम होता. तिलाही उत्तर हवं होतं, आणि तिचं हवं असणं खरं होतं. ताकभाताचा घास हातात घेऊन अंबिका तिच्याकडे नुसती पाहत राहिली, आणि मनकर्णाच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. जेवा आदी,” आणि उंबऱ्याशी पाठ करून बसली. अंबिका शेवटच्या शितापर्यंत जेवली. हात धुतला. पाण्याचा घोट घेतला, घागरीतल्या. मचूळ होतं. मग ती उठून मनकर्णेजवळ गेली आणि म्हणाली की तुझ्यावर यायचं नाही, भांडी घाल उन्हात.

ओटीवर गूळ वाटला गेला होता. तात्या आणि मुलगा निघून गेले, मोटारीच्या अड्ड्याकडे. माजघरात नीला सुचित्राच्या गळ्यात पडून काहीतरी विचारत होती आणि सुचित्रा हसत होती, आतून, या घरात तिचं असं हसणं ऐकून वर्षं झाली होती. माधवराव स्वयंपाकघराच्या दारात आले, तोंड फुललेलं. पसंत आहे, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त बघायचा म्हणाले, आणि पाण्यावर तर तात्या इतके खूश, की असं घर नगरात राहिलं नाही म्हणाले. अंबिकेने ते सगळं ऐकून घेतलं.

“तो हंडा नळाचा होता,” ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “मनकर्णेनं भरलेला.”

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी मागे माजघराकडे पाहिलं, सुचित्राकडे, आणि दार लोटून घेतलं. मग अंगणाकडे मान वळवली. “तिला कुणी सांगितलं होतं हंडा तिथं ठेवायला?”

“मी.”

“मी तुला विचारलं तेव्हा...”

“ऐकलं मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“जेवत होते.”

ते तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं, तिला वाटलं, आणि आता जे दिसतंय ते त्यांना आवडत नाही. नाही आवडलं तरी तिचा राग तिळभर उतरला नव्हता. उतरेल असं जेवताना वाटलं होतं, तेही खोटं निघालं. तात्या अड्ड्यावर पोचले असतील. कोळशावरची मोटार, भट्टी पेटून निघायला उशीर होतोच. धावत गेलं तर गाठता येतील. सांगितलं तर स्थळ जाईल कदाचित, किंवा तात्या प्रायश्चित्त घेतील आणि खरं बोललात म्हणून मान देतील, त्यांची माणसं तशीही असतात. न सांगितलं तर लग्न होईल, आणि मग प्रत्येक सणाला, प्रत्येक पंगतीला, तात्या समोर बसले की हे आठवणार. आणि कुठेतरी, फिरकी घट्ट लावलेला तो तांब्या वाटेत पुन्हा उघडणार. सुचित्राला सांगायचं का, केव्हा सांगायचं, कुठल्या शब्दांत, हेही तिच्या डोक्यात आलेलं होतं. सगळं होतं तिथे, नेहमीप्रमाणे, मांडून ठेवल्यासारखं. फक्त मागायची खोटी.

“आता काय करायचं?” माधवराव म्हणाले.

“ते तुम्ही ठरवा,” अंबिका म्हणाली. “मोटार सुटायच्या आत.”

“अगं, सांग ना,” ते म्हणाले, आवाज उतरवून. तिने पाट उचलला, पुसला आणि भिंतीशी उभा केला. ते दारातच होते, एक हात कडीवर, डोकं थोडं तिच्या बाजूला कललेलं.